कॅप्सलॉक धरून ठेव

समासकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. छापखान्यात त्यांना हे नाव पडलं ते पानाच्या समासावरून. पानाच्या कडेची कोरी जागा दोन्ही बाजूंना बरोबर आली नाही, तर हा माणूस मजकुराला हात लावायचा नाही. "समास बघा आधी, मग बाकीचं बोलू," हे त्यांचं पालुपद. पुढे छापखाना लहान झाला, पानं लावणारी माणसं एकेक करून कमी झाली आणि काका घरी बसून काम करू लागले. नाव मात्र त्यांच्याबरोबर घरी आलं. काकूसुद्धा रागावल्या की "अहो समास" म्हणायच्या.

काकू दातांच्या कवळ्या बनवायच्या. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. तिथे प्लॅस्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या आणि घासायचं यंत्र असे. दिवसभर लोकांच्या तोंडाची मापं सांभाळून संध्याकाळी घरी आल्या, की त्यांना घरात काहीही बारीक बघायची इच्छा नसायची. आणि नेमकं त्याच वेळी काका त्यांना बोलावून म्हणायचे, "अगं, इकडे ये. या दोन खिडक्यांमधली फट बघ. काल जाड होती ना?"

"मला कालही दिसली नव्हती," काकू म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात जायच्या.

ही फट संगणकाच्या पडद्यावरची. काकांचा संगणक जुना. सुरू करायला बसलं की चहा होऊन कप धुऊन व्हायचा, तरी तो आपला गरगर फिरतच असायचा. नवा घ्या असं सगळे म्हणत होते. पण काकांना जुन्याचा कीबोर्ड आवडायचा आणि चालती वस्तू टाकायची त्यांच्या जिवावर यायचं. मग कुठेतरी वाचून त्यांनी त्यावर लिनक्स ही फुकटात मिळणारी, जुन्या संगणकालाही पेलणारी प्रणाली चढवली. त्यातही जो नेहमीचा नटवा डेस्कटॉप येतो तो काढून टाकला आणि एक अगदी हलका विंडो मॅनेजर बसवला. विंडो मॅनेजर म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या कुठे, केवढ्या आणि कशा उघडायच्या ते ठरवणारा छोटासा प्रोग्राम. काकांचा तर इतका छोटा, की त्याला स्वतःचं म्हणून काही रूपच नव्हतं. चित्रं नाहीत, यादी नाही, कोपऱ्यात घड्याळ नाही. सगळं बटणांवर. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, हे आपण एका साध्या फायलीत लिहून ठेवायचं आणि तो तसं करणार.

काका त्या फायलीच्या प्रेमातच पडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराला पानात बसवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचं पान मिळालं होतं. कॅप्सलॉकचं बटण कुणाच्याच कामाचं नसतं, म्हणून त्यांनी ते मुख्य बटण केलं. डाव्या करंगळीनं कॅप्सलॉक धरायचं आणि उजव्या हातानं अक्षर नाहीतर आकडा दाबायचा. प्रत्येक आकड्यामागे एक वेगळा पडदा, कुठल्या आकड्यावर पानं, कुठल्यावर शब्दकोश; आणि अक्षरांनी खिडकी पसरायची, हलायची. पुस्तक पुरं झालं की एकाच फटक्यात त्याची पीडीएफ बनून थेट छापखान्याला जायची. वर एक बारीक पट्टी होती, तीही त्यांनी काढली. "पान वाचायला जागा हवी. पट्टी काय वाचायची आहे?" माउस, त्यांच्या भाषेत उंदीर, त्यांनी टेबलाच्या खणात टाकला. वर्षानुवर्षं दर सुट्टीला ते त्या फायलीत काहीतरी घासत, पुसत, बदलत राहिले. आणि खरं सांगायचं तर संगणक वाऱ्यासारखा पळत होता.

फक्त त्यावर दुसरं कुणी बसू शकत नव्हतं. काकूंनी एकदा विजेचं बिल भरायला म्हणून खुर्ची ओढली, तर समोर नुसता निळसर काळा पडदा. त्यांनी चार बटणं दाबली, काहीतरी उघडलं, ते बंद होईना. तेव्हापासून त्या बिलं फोनवर भरू लागल्या. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग मूकबधिर मुलांच्या शाळेचं पुस्तक आलं. हातांच्या खुणांचं चित्रमय पुस्तक होतं ते. पानोपानी हात, आणि प्रत्येक हाताखाली शब्द. शाळा उघडायच्या आत ते मुलांच्या दप्तरात पडायला हवं, असं मुख्याध्यापिका बाईंनी बजावून सांगितलं होतं. काकांनी मनापासून काम केलं. शेवटच्या दिवशी सकाळी बसून त्यांनी बाईंनी लाल शाईनं खुणावलेल्या दुरुस्त्या केल्या. चित्रं सरकवली, दोन ठिकाणी अदलाबदल केली. तेवढ्यात छापखान्याच्या मालकांचा फोन आला, की मुखपृष्ठाचा रंग एकदा येऊन बघून जा, उद्या मशीन तुमच्यासाठीच मोकळं ठेवलंय. बाईंच्या खुणांचे कागद काखेत मारून काका तसेच उठले. रंग पाहिला, मान डोलावली आणि छापखान्याचा पावसानं ओला झालेला लोखंडी जिना उतरताना घसरले. उजवा हात अंगाखाली आला. मनगट आणि कोपराच्या खालचं हाड, दोन्ही गेलं.

शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी हाडाला धातूची पट्टी बसवली आणि हात कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टरमध्ये गुंडाळला. भूल उतरल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला तो हाताचा नव्हता.

"पीडीएफ गेली का?"

"कुठली?" काकू म्हणाल्या. त्या आदल्या दिवसापासून त्याच खुर्चीवर होत्या.

"पुस्तकाची. मशीन थांबलं असेल. तू घरी जाऊन पाठवून दे, अगदी सोपं आहे. मी फोनवर सांगतो."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी मान दुसरीकडे वळवली. पण त्या गेल्या. घरी जाऊन कीबोर्डसमोर बसल्या आणि फोन लावला.

"काय दिसतंय?"

"काही नाही. काळं."

"नुसतं काळं, की निळसर काळं?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"निळसर असेल तर चालू आहे."

"निळसर आहे," काकू म्हणाल्या.

"छान. आता कॅप्सलॉक धर आणि चार दाब."

"दाबलं. काही झालं नाही."

"दाबलं नाही, धरून ठेव म्हटलं. कॅप्सलॉक धरून ठेव आणि मग चार."

"अहो, एका हातात फोन आहे माझ्या."

"स्पीकरवर टाक ना."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग, "आली. हात आले, हातांची पानं."

काकांना हायसं वाटलं. "झालं तर मग. आता कॅप्सलॉक धर आणि..."

इथे ते थांबले. पुढचं बटण त्यांना आठवेना. असं कसं होईल? रोजचं बटण. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांना विचारायचं ठरवलं. डावी करंगळी चादरीवर टेकवली, ती बरोबर जागी गेली. उजवा हात मात्र प्लॅस्टरच्या आत मुका होऊन पडला होता. त्यांनी मधलं बोट हलवायचा प्रयत्न केला, तशी खांद्यापर्यंत कळ गेली.

"पेटी वाजवता का हो?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. मग फोनवर, "पी दाबून बघ."

"वर एक पट्टी आली. काहीतरी लिहायला सांगतेय."

"नको, ते नको. एस्केप. आता ई."

"पानं मोठी झाली."

"मग एक्स असेल."

"गेली," काकू म्हणाल्या.

"गेली म्हणजे? कुठे गेली?"

"मला विचारताय? घर कुणी बांधलंय हे?"

एक्सनं पानं कुठल्यातरी दुसऱ्या आकड्यावर पाठवली होती, आणि कुठल्या ते आता काकांनाही सांगता येईना. त्यांनी एकापाठोपाठ एक आकडे सांगितले, काकूंनी दाबले. मध्येच काय झालं कोण जाणे, पडदा आडवा दुभागला. काकूंचा आवाज चढत गेला, मग एकदम शांत झाला, आणि तो शांत झालेलाच काकांना जास्त जड गेला.

"हे बघा, मला दवाखान्यात जायचंय. एक बाई उद्याच्या कार्यक्रमाला बिनदाताच्या जातील नाहीतर. तुमच्या मालकांना सांगा कुणीतरी माहीतगार पाठवा. किल्ली शेजारी ठेवते."

मालकांनी पाठवलाही, छापखान्याचे संगणक दुरुस्त करणारा माणूस होता तो. दुपारी त्यानं काकांच्या घरून फोन केला. आवाजात मोठी सहानुभूती होती.

"काका, यात डेस्कटॉपच नाहीये. कुणीतरी उडवलाय. स्क्रीन काळी पडलीये."

"उडवला नाही, मीच काढलाय. निळसर आहे ना?"

"उंदीर पण नाहीये."

"खणात आहे. ऐका, फक्त काहीही बंद करू नका. फाईल उघडी आहे, सेव्ह केलेली..."

"ते मी बटण दाबून बंद केलं मगाशीच. म्हटलं एकदा बंद-चालू करून बघू."

काकांनी फोन कानापासून दूर धरला. आपोआप सेव्ह व्हायची सोय त्या प्रोग्राममध्ये होती. पण दर वेळी सेव्ह होताना क्षणभर पडदा अडखळायचा, म्हणून ती त्यांनीच काढून टाकली होती. पडले त्या सकाळच्या सगळ्या दुरुस्त्या, सरकवलेली चित्रं, अदलाबदल, सगळं पाण्यात गेलं होतं. परिचारिका रक्तदाब बघायला आली आणि आकडा बघून पुन्हा एकदा पट्टा आवळू लागली.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा काकांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

"तू थांबली असतीस तर हे झालं नसतं," ते म्हणाले.

काकूंनी डबा ठेवला. "थांबून काय केलं असतं? एबीसीडी संपेपर्यंत दाबत बसले असते? आपल्या घरात एक वस्तू अशी आहे जिला मी हात लावू शकत नाही. वर तुम्ही आडवे पडलात आणि काम अडलं, तर दोष माझा."

"तुझ्या टेबलावर मला एक चमचा तरी सापडतो का?"

"माझ्या टेबलावर मी आजारी पडले तर दुसरी बाई येऊन बसते. तिला सगळं सापडतं, कारण डबीवर काय आहे ते लिहिलेलं असतं."

काकांनी डाव्या हातानं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

घरी सोडल्याबरोबर ते चप्पल न काढता संगणकासमोर बसले. डाव्या करंगळीनं कॅप्सलॉक धरलं, आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं उजवीकडची अक्षरं गाठायचा प्रयत्न करू लागले. हात ताणून बोटांना पेटके यायची वेळ आली. जवळची अक्षरं जमत होती. पण उपयोगाची बहुतेक बटणं त्यांनी उजव्या हाताच्या बोटांखाली हौसेनं नेऊन ठेवली होती. शेवटी त्यांनी हात टेकले, म्हणजे एकच टेकला, आणि काकूंना हाक मारली. काकू आल्या. दुसरी खुर्ची ओढून बसल्या.

आधी ती बटणांची फाईल उघडायची होती. ती उघडल्यावर काकांना वाटलं होतं की सगळं तळहातावरच्या रेषांसारखं वाचता येईल. पण वर्षानुवर्षांच्या ओळी होत्या त्या. काही ठिकाणी एकाच बटणाला तीनदा कामं दिलेली, त्यातलं शेवटचं खरं. मध्येमध्ये त्यांनी स्वतःसाठी शेरे लिहून ठेवले होते. काकू ते मोठ्यानं वाचू लागल्या.

"'हे तात्पुरतं.' 'हे का केलं?' 'ही ओळ काढू नको, काढली की सगळं पडतं, कारण माहीत नाही.'" त्यांनी मान वळवली. "अहो, तुम्हालाच माहीत नाही, तर मला फोनवर काय सांगत होतात?"

"खाली सरक," काका म्हणाले.

पीडीएफ पाठवायचं बटण सापडलं. ते स्वल्पविरामाचं होतं. पुस्तक संपल्यावर दाबायचं, म्हणून काकांना तिथे पूर्णविराम हवा होता. पण तो आधीच दुसऱ्या कामाला गेला होता, म्हणून शेजारचं घेतलं. हे त्यांना आता लख्ख आठवलं. आठवून काही उपयोग नव्हता.

मग दुरुस्त्या. बाईंच्या लाल खुणांचे कागद छापखान्याच्या जिन्यावर ओले होऊन फाटले होते, त्यातले हाती लागले तेवढे मालकांनी पाठवले होते. उरलेलं काका आठवून सांगत आणि काकू करत. काकूंचा हात जबडा बसवणाऱ्या माणसाचा, स्थिर. चित्र केसभरही इकडेतिकडे होत नव्हतं. पण काकांना धीर नव्हता.

"डावीकडे. अगं डावीकडे. जरा. एवढं नाही."

"माझ्या डोक्यावरून बोलू नका. दात घासायचं यंत्र चालू असतं तेव्हासुद्धा एवढा आवाज होत नाही."

शेवटी काकूंनी कॅप्सलॉक धरलं, स्वल्पविराम दाबला आणि पुस्तक गेलं. मशीनवरची त्यांची पाळी तोवर दुसऱ्या कुणाला दिलेली होती. मालकांनी चडफडत मधल्या फटीत बसवलं. पुस्तकं शाळेत पोचली तेव्हा शाळा उघडून गेली होती.

आणि मग मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. बाई फार मऊ बोलायच्या, त्यामुळे वाईट बातमी आहे हे कळायला वेळ लागला. काल आणि उद्या या दोन शब्दांची चित्रं उलटी पडली होती. अदलाबदल करायची त्यातली एक राहून गेली होती. "आम्ही चिठ्ठ्या चिकटवू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," बाई म्हणाल्या.

काकांनी मनाला लावून घेतलं. चिठ्ठ्या त्यांनी छापून घेतल्या आणि काकू नको म्हणत असताना शाळेत जाऊन शिक्षकांच्या खोलीत बसले. उजवा हात गळ्यात आणि डाव्या हातात डिंकाचा ब्रश. पहिली चिठ्ठी तिरकी बसली. ती सरळ करायला गेले तर फाटली. दुसरी वर चढली, तिसरी समासात घुसली. एकेका पुस्तकाशी झटत ते दुपारपर्यंत बसले, आणि प्रत्येक चिठ्ठी आपापल्या कलानं वाकडी गेली. बाईंनी चहा आणून ठेवला. "मुलांना कळतंय, तेवढं पुरे आहे की," त्या म्हणाल्या. काकांनी हो म्हटलं. घरी आल्यावर जेवले नाहीत.

प्लॅस्टर निघालं तेव्हा हात वाळलेल्या फांदीसारखा दिसत होता. व्यायाम, गरम पाणी, रबरी चेंडू, सगळं झालं. डॉक्टर समाधानी होते, काका नव्हते. करंगळी आणि अनामिका पूर्वीसारखी वाकेनात. पानं लावता येत होती, लिहिता येत होतं. पण ती झपाझप चालणारी बोटं गेली. मन एक बटण सांगायचं, हात दुसरंच दाबायचा आणि खिडकी भलतीकडे पळायची. फाईल पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काकांनी सगळी महत्त्वाची बटणं डाव्या बाजूला आणली. मग जुन्या सवयीनं हात उजवीकडे जायचा, तिथे काहीच घडायचं नाही आणि काका स्वतःवरच खेकसायचे.

काकूंनी मध्येच येऊन सांगितलं, "वर एक पट्टी पाहिजे. शब्द लिहिलेली."

"पट्टीला जागा जाते."

"जाऊ दे."

"उंदीर लागेल मग."

"खणात आहे, मला माहीत आहे."

काकांनी पट्टी केली, पण अशी बारीक की काकूंना चष्मा लावूनही वाचता येईना. त्यांनी टेबलावर बोट ठेवून जाडी दाखवली. काकांनी वाढवली. शब्दही काकूंनीच सांगितले: पानं, टपाल, बिलं, छापखाना, बंद. "बंद" हा शब्द काकांना पटत नव्हता, त्यावर एक संध्याकाळ गेली. पट्टी राहिली. तिच्यामुळे पान खाली सरकून त्याचा खालचा समास पडद्याबाहेर जायचा आणि तो दर वेळी वर ओढून बघावा लागायचा. त्याबद्दल काका भेटेल त्याला ऐकवायचे. मालक तर त्यांचा फोन आला की आधीच म्हणायचे, "पट्टीचं सोडून बोला."

सगळं जरा कुठे बसल्यासारखं झालं आणि एके सकाळी संगणक अद्ययावत करताना पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. काकांनी त्या दोनदा वाचल्या. त्यांचा विंडो मॅनेजर ज्या जुन्या पायावर उभा होता, तो पाया यापुढे मिळणार नव्हता. पर्याय आहेत, पण त्यांची फाईल वेगळ्या पद्धतीनं लिहावी लागेल. जुनी चालणार नाही.

काका खुर्चीत मागे टेकले. दवाखान्यात जायला निघालेल्या काकूंनी दारातून पाहिलं.

"काय झालं?"

"हे बंद होणार. सगळं पहिल्यापासून लिहायचं."

"लगेच?"

"लगेच नाही. होईल हळूहळू. पण होणार."

काकूंनी चप्पल घातली. "मग या खेपेला मला विचारून लिहा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

काकांना म्हणायचं होतं, की विचारायचं काय त्यात, तुला त्यातलं काय कळतं. पण जिन्यावरचा आवाज लांब गेला होता. त्यांनी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या, एस्केप दाबलं, ते चुकीचं बटण होतं, मग बरोबर दाबलं. छपाईला आलेल्या एका शब्दकोशाचं काम अर्धं पडलं होतं. त्याची पानं समोर आली. डावा समास किंचित जास्त होता. काका तो नीट करायला लागले.